काडीकाडीने भरणारी गव्हाणी

नाताळच्या आधीचे चार रविवार ज्या काळात येतात त्या आगमनकाळात अनेक ख्रिस्ती घरांत एक लहानशी रिकामी गव्हाणी मांडण्याची रीत आहे. घरातल्या मुलाने दिवसभरात कोणासाठी काही चांगले केले, तर रात्री झोपण्यापूर्वी त्याने गव्हाणीत एक काडी ठेवायची. नाताळच्या पहाटेपर्यंत बाळ येशूसाठी मऊ अंथरूण तयार व्हावे, ही त्यामागची कल्पना. ही रीत मूळची युरोप-अमेरिकेतील, विशेषतः कॅथलिक कुटुंबांतील. मुलांना दयाळूपणाची सवय लावणारी इतकी स्वस्त आणि सोपी परंपरा दुसरी क्वचितच सापडेल. बारामती-इंदापूरकडच्या घरांना ती परकी वाटण्याचे कारण नाही. गोठा, दावण, गव्हाण, वैरण म्हणजे काय हे इथल्या मुलाला चित्र दाखवून सांगावे लागत नाही.

गव्हाणीचा देखावा नाताळच्या उपासनेशी ठळकपणे जोडला गेला तो १२२३ साली. इटलीतील ग्रेच्चो गावात असिसीच्या संत फ्रान्सिसने खरा बैल, खरे गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण आणून ख्रिस्तजन्माची रात्र साजरी केली. वसईत आणि गोव्यात आज उभारले जाणारे नाताळगोठे त्याच परंपरेतले. मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून काहीतरी करण्याची कल्पना बरीच नंतरची. हॅम्बुर्गजवळच्या ‘राउहेस हाउस’ या गरीब मुलांच्या आश्रमात योहान हिन्रिक विशेर्न या पाळकाने १८३९ साली गाडीचे जुने चाक टांगून त्यावर मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुले त्याला भंडावून सोडत. रिकाम्या गव्हाणीत दिवस मोजण्याची ही सोय आपोआपच होते, शिवाय त्या दिवसात काय केले याचीही आठवण राहते.

बारामती भागातील ख्रिस्ती समाजाची घडण बव्हंशी प्रोटेस्टंट मिशनच्या कामातून झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ या पंथाचे मिशनरी बारामतीत आले. श्रीगोंदा आणि दौंड इथेही त्यांचे काम होते. शेजारच्याच दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) मुक्ती मिशन उभे केले आणि दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना, विधवांना तिथे आसरा दिला. हा इतिहास गव्हाणीच्या रीतीसाठी दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. एक म्हणजे इथली अनेक कुटुंबे घरात मूर्ती ठेवत नाहीत. त्यांनी शेवटच्या दिवशी गव्हाणीत बाळाची मूर्ती ठेवण्याऐवजी पांढरे फडके घडी करून ठेवावे किंवा गव्हाणीसमोर लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडून ठेवावा. रीत त्याने जराही उणी होत नाही. दुसरे म्हणजे दयाळूपणाची गोष्ट मुलाला सांगायची, तर ती परदेशातून आणण्याची गरज नाही. केडगाव रेल्वेच्या वाटेवरच आहे.

तयारीला अर्धा तास पुरतो. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो, त्यामुळे हा काळ २२ ते २८ दिवसांचा असतो. लहान मुलांना हे गणित कळत नाही. त्यांच्यासाठी सरळ १ डिसेंबरला सुरुवात करावी. गव्हाणी म्हणून आंब्याच्या पेटीच्या फळ्या, बुटांचा खोका किंवा बांबूची लहान पाटी चालते. विकत आणू नये. मुलांनी स्वतः ठोकून, चिकटवून, वाकडीतिकडी का होईना, केलेली गव्हाणी जास्त दिवस जपली जाते. काड्यांसाठी डिसेंबरात या भागात सर्वांत सहज मिळते ते बाजरीचे सरमाड. खरिपाची बाजरी निघून गेलेली असते आणि सरमाडाच्या गंजी लागलेल्या असतात. ज्वारी अजून रानात उभी असल्यामुळे कडबा मिळाला तर मागच्या वर्षीचा मिळेल. बांधावरचे वाळलेले गवत उत्तम. उसाचे पाचट मात्र लहानांच्या हातात देऊ नये, त्याच्या कडा बोटे कापतात. काड्या वीतभर लांबीच्या कापून गव्हाणीशेजारी एका तांब्यात उभ्या ठेवाव्यात. जागा अशी निवडावी की मुलाचा हात पोचेल, पण येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाणार नाही. दिवाणखान्यात टीव्हीखाली मांडलेल्या गव्हाणीचे प्रदर्शन व्हायला वेळ लागत नाही.

ही परंपरा टिकते किंवा बिघडते ती पुढच्या गोष्टींवर. काडी कशाबद्दल ठेवली, हे मुलाने सांगितलेच पाहिजे असा आग्रह धरू नये. डोंगराच्या प्रवचनात दान गुपचूप करण्याची जी शिकवण आहे (मत्तय, अध्याय ६), तिचा घरातल्या घरात सराव करण्याची ही जागा आहे. मूल आपणहून सांगू लागले तर ऐकावे, शाबासकीचा पाऊस पाडू नये, ‘मग त्या आजींना कसं वाटलं?’ एवढेच विचारावे. या एका प्रश्नाने मुलाचे लक्ष स्वतःच्या कौतुकावरून समोरच्या माणसाकडे वळते. संत निकोलसची आख्यायिका इथे उपयोगी पडते. हुंड्यावाचून लग्ने अडलेल्या तीन बहिणींच्या घरात त्याने रात्री गुपचूप पैशांच्या थैल्या टाकल्या, अशी ती गोष्ट आहे. सांताक्लॉज नावाचा लाल डगलेवाला म्हातारा पुढे त्याच्यावरूनच घडला. निकोलसचा स्मृतिदिन ६ डिसेंबरला, म्हणजे गव्हाणी मांडून आठवडा होतो न होतो तोच येतो. ही गोष्ट त्या रात्री सांगण्याजोगी आहे.

काडीमागे चॉकलेट, दहा काड्यांमागे खेळणे, असा व्यवहार कधीही करू नये. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी वीस महिन्यांच्या बाळांवर केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. मदत केल्याबद्दल ज्या बाळांना खेळणे दिले गेले, ती पुढच्या वेळी इतर बाळांपेक्षा कमी मदत करू लागली. मदतीची ओढ मुलात आधीच असते, बक्षिसाने ती कमी होऊ शकते. शिक्षेचेही तेच. भांडण केले म्हणून गव्हाणीतली काडी काढून घेणारे पालक परंपरेचे पोलीस ठाणे करतात. आज सकाळी केलेली मदत संध्याकाळच्या भांडणाने पुसली जात नाही, हे मुलाला कळू द्यावे. दोन भावंडांच्या काड्या वेगळ्या रंगाच्या करून तुलना करण्याचा मोहही आवरावा. गव्हाणी एकच, काड्या सगळ्यांच्या मिळून. आणि मोठ्यांनीही काड्या ठेवल्या पाहिजेत. आई-वडील, आजी-आजोबा कोणीच काही ठेवत नसेल, तर चांगले वागणे ही लहानांवर लादलेली शिस्त आहे, मोठे झाल्यावर त्यातून सुटका होते, एवढेच मूल शिकते. वडिलांनी रात्री गुपचूप एक काडी टाकली आणि ती कशाची असेल यावर मुलांची कुजबुज सुरू झाली, तर त्या घरात वेगळे काही शिकवावे लागत नाही.

कोणती कामे सुचवावीत, हा प्रश्न पालकांना सर्वांत जास्त पडतो. परदेशी पुस्तकांतल्या याद्या इथे फारशा कामाच्या नाहीत. बर्फ साचलेले शेजाऱ्याचे अंगण इंदापुरात कोणी झाडून द्यायचे? सुरुवात घरातूनच करावी, कारण घरातलेच सर्वांत अवघड असते. धाकट्याशी भांडल्यावर आधी आपण बोलायला जाणे, आजोबांचा चष्मा न सांगता पुसून ठेवणे, आईने हाक मारण्याआधी पिण्याचे पाणी भरणे. घरातल्या सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने आठवडाभर आपल्या वाट्याला आलेल्या माणसाची गुपचूप काळजी घ्यायची, हा खेळ तर आठवडाभर घर हलते ठेवतो.

घराबाहेर पाऊल टाकले की पहिली गोष्ट फराळाची. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू, अनारसे होतात. केक हा त्या पंगतीत उशिरा आलेला पाहुणा. दिवाळीला शेजारून आलेल्या फराळाच्या ताटाची परतफेड नाताळला होते आणि ती ताटे पोचवण्याचे काम बहुधा मुलांकडेच असते. या जुन्याच पद्धतीत थोडी भर घालावी. ज्या घरांकडून ताट येते त्यांच्याकडे ताट जातेच. ज्यांच्याकडून काहीही येण्याची शक्यता नाही अशी दोन-तीन नावे मुलांना काढायला सांगावीत. एकटी राहणारी म्हातारी, कॉलनीत रात्रपाळी करणारा राखणदार, कचरागाडीवरचा माणूस, नुकतेच घरात मरण झाल्यामुळे सण न करणारे कुटुंब. नावे मुलांनी काढावीत. मुलांना दिसणारी आणि मोठ्यांना न दिसणारी माणसे बरीच निघतात. ताट देताना दारात उभे राहून दोन शब्द बोलायचे आणि ‘बाकीचं मोठ्यांनी केलंय, लाडू मी वळलेत’ असे सांगता येईल इतका हात मुलाने करताना लावलेला असावा.

बारामती-इंदापुरातील नाताळ ऐन गळीत हंगामात येतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा अशा कारखान्यांच्या गव्हाणीत मोळ्या पडून तोवर बरेच दिवस झालेले असतात. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून, तसेच अहिल्यानगरकडून आलेली ऊसतोड कुटुंबे माळावर, कारखान्याच्या तळावर कोप्या घालून राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. भल्या पहाटे, अंधारातच ते फडात जातात. मागे कोपीवर थोरली बहीण धाकट्या भावंडांना सांभाळत बसते. ती स्वतः आठ-नऊ वर्षांची असते. मुक्कामाला पक्के घर न मिळालेल्या, लांबच्या प्रवासाने आलेल्या कुटुंबात जन्मलेल्या बाळाचा सण साजरा करताना या कोप्यांकडे पाठ फिरवणे कोणत्याही ख्रिस्ती कुटुंबाला शोभणारे नाही.

पण इथे जायचे कसे, याचा विचार जाण्याआधी करावा. जीपभर जुने कपडे नेऊन ओतणे, रांग लावणे, फोटो काढणे यांतून मुले दयाळूपणा शिकत नाहीत. आपण वरचे आणि ते खालचे एवढेच शिकतात. एका कुटुंबाशी ओळख करावी. आपल्या किंवा ओळखीच्या शेतात तोड चालू असेल तर ते सोपे जाते. तोडकरी संध्याकाळी वाढ्याच्या पेंढ्या विकतात. घरी जनावरे असतील तर घासाघीस न करता वाढे घ्यावेत आणि ही काडी मुलाच्या वडिलांनी ठेवावी. डिसेंबरातल्या थंडीत स्वेटर, कानटोपी, पायमोजे यांची गरज खरी असते, पण कपडे धुऊन, बटणे लावून, मापाचे न्यावेत. फाटके दान देऊ नये. मुलांनी मुलांशी खेळावे. क्रिकेटला बॅट एक असली तरी पुरते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला कोपीवरच्या मुलीबरोबर बसून तिच्या पाठ्यपुस्तकातला एखादा धडा वाचता येतो. तिची शाळा हंगामात बुडालेली असते. सायंकाळी उशिरा, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ असताना मुलांना एकटे पाठवू नये. त्याच रस्त्यासाठी एक उपयोगी काम मोठ्या मुलांना मोठ्यांच्या सोबतीने करता येते. बैलगाड्यांना आणि ट्रॉल्यांना मागे लाल रिफ्लेक्टर चिकटवणे. खर्च थोडा, आणि अंधारात धडकून होणारे अपघात त्याने टळू शकतात. गाडीवानाची परवानगी आधी घ्यावी, आणि बैलांना पाणी पाजले तर त्याचीही काडी धरावी.

मुक्या जिवांचा विषय निघालाच आहे तर इंदापूर तालुक्यातील भिगवणचे नाव घ्यायला हवे. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि नाताळच्या सुट्टीत पर्यटकांची झुंबड उडते. पक्षी उडताना दिसावेत म्हणून नाव त्यांच्या अंगावर घालायला नावाड्याला सांगणारे पाहुणे तिथे नेहमी असतात. घरच्या मुलाने ‘काका, लांबूनच बघू’ म्हटले तर ती काडी मोठी. संक्रांतीसाठी आतापासूनच पतंग घेतले जात असतील तर पक्ष्यांचे पंख कापणारा नायलॉनचा मांजा घरात न आणण्याचा निर्णयही याच काळात घ्यावा.

वयाप्रमाणे अपेक्षा बदलतात. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला ‘दया’ हा शब्द कळत नाही, कृती कळते; त्याला दिवसाला एक ठरलेले काम द्यावे आणि काडी त्याच्या हाताने ठेवून घ्यावी. सहा ते नऊ या वयात मुले हिशेबी असतात, एका दिवसात सात काड्या ठेवायला धावतात. ठेवू द्यावे, चार-पाच दिवसांत तो जोर ओसरतो, आणि खरी परंपरा त्यानंतर सुरू होते. दहाच्या पुढच्या मुलांना गव्हाणी बालिश वाटू लागते. त्यांच्याकडे धाकट्यांची गव्हाणी चालवण्याची जबाबदारी सोपवावी, आणि रात्री एखादे पान वाचून दाखवावे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त या वयाला आवडेल असे पुष्कळ आहे. परक्या मुलांना घरात घेणारे, स्वतःकडचे देऊन मोकळे होणारे नारायण वामन टिळक आणि त्या औदार्याने संसार चालवता चालवता मेटाकुटीला आलेल्या लक्ष्मीबाई, दोघेही त्यात हसतखेळत भेटतात. चांगुलपणाची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, हे मुलांना प्रवचनापेक्षा त्या पुस्तकातून लवकर उमगते.

काही दिवस काडी पडणार नाही. शाळेचे स्नेहसंमेलन, सहामाहीनंतरच्या चाचण्या, क्रीडास्पर्धा हे सगळे डिसेंबरातच असते. कोरा गेलेला दिवस भरून काढायला लावू नये. मात्र सलग तीन-चार दिवस कोणीच काडी ठेवली नसेल, तर घरातल्या मोठ्यांनी स्वतःकडे पाहावे. मुले बहुधा मोठ्यांचेच अनुकरण करत असतात.

मंडळीच्या पातळीवरही ही रीत चालू शकते. संडे स्कूलच्या वर्गात एक मोठी गव्हाणी मांडावी, आणि दर रविवारी मुलांनी घरच्या काड्यांतली एक तिथे आणून टाकावी. तिच्याशेजारी धान्याचा डबा ठेवता येईल. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन घरांत १९१० पासून ‘बुहफाई थाम’ नावाची पद्धत चालत आली आहे. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी घरची बाई मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढते, आणि त्या मुठींतून तिथल्या चर्चची मोठमोठी कामे उभी राहिली. इथे ती मूठ ज्वारीची किंवा बाजरीची असेल. मूठ मुलाने भरावी, त्याची मूठ लहान असली तरी. चार आठवड्यांचे धान्य नाताळच्या आधी गरजू घरी पोचवावे. मंडळीतल्याच एखाद्या घराला गरज असेल तर पाळकांनी ते परस्पर, नाव न घेता पोचवावे. नाताळच्या गाण्यांची फेरी निघते तेव्हा ती नेहमीच्या घरांबरोबर एखाद्या आजाऱ्याच्या घरापुढे, सरकारी दवाखान्याच्या आवारात परवानगी घेऊन, टाळ-ढोलकीचा आवाज बेताचा ठेवून थांबली तर मुलांना गाण्याचा उपयोग कळतो. अनाथाश्रमाला किंवा वसतिगृहाला भेट द्यायची असेल तर आधी विचारून, संस्थेला सोयीच्या दिवशी जावे. २५ डिसेंबरला अशा संस्थांत पाहुण्यांची गर्दी होते आणि फेब्रुवारीत कोणी फिरकत नाही. फेब्रुवारीतली तारीख ठरवणे अधिक बरे.

नाताळच्या आदल्या रात्री, मध्यरात्रीच्या उपासनेहून परत आल्यावर किंवा २५ तारखेच्या पहाटे, घरातल्या सर्वांत धाकट्याने बाळाची मूर्ती किंवा पांढरे फडके गव्हाणीत ठेवावे. एक छोटी प्रार्थना पुरे. काड्या मोजू नयेत. गव्हाणी अर्धीच भरली असेल तर तशीच राहू द्यावी, पालकांनी रात्रीतून भर घालू नये.

६ जानेवारीला प्रकटीकरणाच्या सणानंतर कंदील, तारे उतरवले जातात तेव्हा गव्हाणीही रिकामी करावी. सरमाड किंवा गवत स्वच्छ असेल तर जनावराला घालावे, नाहीतर खतात टाकावे. खोका पुढच्या वर्षासाठी माळ्यावर ठेवावा. ज्यांची आगमनकाळाची सुरुवात हुकली असेल त्यांनी १५ डिसेंबरला सुरुवात केली तरी चालते, दहा काड्यांचे अंथरूणही होते.